अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज आणि दवाखान्यातली पहिली नोकरी

“ताई, तो रक्त काढायचा कोर्स किती आठवड्यांचा असतो?”

दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं. कधी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, कधी ओळखीतून नंबर मिळवून फोनवर. विचारणारी बहुधा नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत आलेली असते. मुलं नुकती शाळेत जायला लागलेली असतात. हाताशी भारतातली एखादी पदवी असते, पण तिचा इथे काय उपयोग हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मी न्यू जर्सीत एका रुग्णालयाच्या लॅबसाठी रक्ताचे नमुने घेते आणि ते काम इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात शिकले, म्हणून प्रश्न माझ्यापर्यंत येतो.

आठवडे मी सांगते, पण आधी एक उलटा प्रश्न विचारते: कोर्स संपल्यावर तुला कुठल्या परीक्षेला बसता येणार आहे? याचं उत्तर ज्या कॉलेजला किंवा संस्थेला धड देता येत नाही, तिथे फी भरू नये. असं का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी कॉलेजबद्दल. अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली निघालं. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. नाव जोलिएट ज्युनिअर कॉलेज. आपल्याला ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी आठवते. तिथे अर्थ होता पदवीची पहिली दोन वर्षं, घराजवळ आणि कमी खर्चात. आज देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. शाळेची बारा वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही तिथे प्रवेश मिळतो. मेरिट लिस्ट नाही, वयाची अट नाही. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि नातवंडं असलेली बाईही होती.

पण कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं असलं, तरी आतल्या प्रत्येक वर्गाचं नसतं. एक्स-रे काढायला शिकवणारा रेडिओग्राफी, श्वसनाच्या रुग्णांसाठीचा रेस्पिरेटरी थेरपी, शिवाय नर्सिंग हे सगळे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या जागा मोजक्या असतात, आधी शरीरशास्त्र आणि गणिताचे विषय चांगल्या गुणांनी पूर्ण करावे लागतात, आणि तरीही थांबावं लागू शकतं. हा लेख त्याखालच्या पायरीचा आहे. काही आठवडे ते साधारण वर्षभरात पूर्ण होणारे आणि थेट नोकरीच्या दारात नेणारे हे कोर्स: नर्सिंग असिस्टंट, रक्तनमुने घेणारा फ्लेबॉटमिस्ट, हृदयाचा आलेख काढणारा ईकेजी टेक्निशियन, डॉक्टरांच्या दवाखान्यात हाताखाली मदत करणारा मेडिकल असिस्टंट, औषधाच्या दुकानात फार्मासिस्टच्या हाताखालचा फार्मसी टेक्निशियन, शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करणारा स्टेराइल प्रोसेसिंग टेक्निशियन. डॉक्टरांच्या भोवती उभं राहून दवाखाना चालवणाऱ्या या माणसांच्या कामांना मिळून ‘अलाइड हेल्थ’ म्हणतात. काटेकोर बोलायचं तर नर्सिंग असिस्टंट नर्सिंगच्या बाजूचा, पण कॉलेजच्या माहितीपत्रकात तो यांच्याच शेजारी सापडतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. कॉलेजला दोन दारं असतात. एक ‘क्रेडिट’चं, जिथले विषय पुढे पदवीत धरले जातात. दुसरं ‘नॉन-क्रेडिट’चं, ज्याला कंटिन्युइंग एज्युकेशन किंवा वर्कफोर्स विभाग म्हणतात. छोटे कोर्स बऱ्याचदा या दुसऱ्या दारातून चालतात. ते वाईट नसतात. उलट लवकर संपतात आणि संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी असतात. फक्त पुढे नर्सिंग करायचा विचार असेल, तर तेवढी मेहनत तिथे जमेला धरली जाईलच असं नाही.

तीन वेगवेगळे कागद

सगळा घोटाळा होतो तो इथे. कोर्सनंतर मिळणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात.

आपल्याकडे गाडी शिकायला मोटार ड्रायव्हिंग स्कूलला जातात. तिथले सर शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र देतात. ते घेऊन रस्त्यावर गाडी काढता येते का? नाही. त्यासाठी आरटीओत परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. कॉलेजचं प्रमाणपत्र हे ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र: तुम्ही शिकलात, हजर होतात, पास झालात. हा पहिला कागद. दुसरा कागद राज्य सरकारचा, म्हणजे नोंदणी किंवा लायसन्स. आणि या दोन्हींखेरीज तिसरा, ज्याला आरटीओच्या उदाहरणात जागाच नाही: देशपातळीवरच्या खासगी व्यावसायिक संस्थेची परीक्षा पास झाल्याचा. तो कायद्याने सक्तीचा नसला तरी नोकरी देणारा तोच मागतो.

कुठल्या कामाला कुठला कागद लागतो, हे कामागणिक आणि राज्यागणिक बदलतं. नर्सिंग असिस्टंटला राज्याच्या यादीत नाव लागतं, प्रत्येक राज्यात. रक्त काढण्यासाठी सरकारी लायसन्स फक्त कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या चार राज्यांत लागतं. आमच्या न्यू जर्सीत लागत नाही, पण राष्ट्रीय परीक्षा पास नसलेल्या उमेदवाराचा अर्ज बहुतेक रुग्णालयं पुढे सरकवत नाहीत. फार्मसी टेक्निशियनसाठी १९९५ साली स्थापन झालेल्या पीटीसीबी या संस्थेची परीक्षा देशभर चालते, आणि बहुतेक राज्यांत राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

परीक्षेला बसण्यासाठीही अटी असतात. रक्तनमुन्यांच्या एका प्रचलित राष्ट्रीय परीक्षेसाठी जिवंत माणसांच्या शिरेतून किमान ३० वेळा आणि बोटाच्या टोकातून १० वेळा रक्त घेतल्याची नोंद लागते. कॅलिफोर्नियाच्या लायसन्सला ५० आणि १०. माझ्या ओळखीतल्या एकीने एका खासगी संस्थेत घसघशीत फी भरून कोर्स केला. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. पण सगळा सराव प्लास्टिकच्या हातावर झाला होता. परीक्षेचा अर्ज भरायला बसली तेव्हा कळलं की नोंदवायला एकही खरा नमुना नाही. तिला दुसरीकडे पुन्हा पैसे भरून शिकावं लागलं. माझा उलटा प्रश्न तिच्यामुळे सुरू झाला.

सीएनए: सर्वांत छोटा कोर्स, सर्वांत जड काम

सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणजे सीएनए. यातले बरेच जण नर्सिंग होममध्ये काम करतात. इथे शब्दाने फसू नका. पुण्या-नाशकात नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल, जिथे बाळंतपणं होतात. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही अशा म्हाताऱ्या किंवा दीर्घ आजारी माणसांचं कायमचं राहण्याचं ठिकाण.

अशा ठिकाणच्या हेळसांडीबद्दल बरीच ओरड झाल्यानंतर १९८७ साली अमेरिकी संसदेने कायदा केला. तेव्हापासून कुठल्याही राज्यात नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हाताने काम केलेले हवेत. आणि संवाद, संसर्ग रोखणं, सुरक्षितता, रुग्णाचे हक्क असे १६ तासांचे धडे झाल्याशिवाय विद्यार्थ्याने रुग्णाला हातच लावायचा नाही. ७५ हा तळ आहे. राज्यं तो वाढवू शकतात. न्यू जर्सीत ९० तास आहेत, कॅलिफोर्नियात १६०. त्यानंतर लेखी किंवा तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. दोन्हीत पास झालं की नाव राज्याच्या यादीत चढतं. पुढे सलग २४ महिने पगारी काम केलं नाही, तर नव्याने परीक्षा द्यावी लागते.

प्रात्यक्षिकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शिकलेल्या बायकाही तिथे नापास होतात. अनेक राज्यांत चालणाऱ्या परीक्षेत पाच कौशल्यं करून दाखवायची असतात. हात धुणं हे त्यातलं एक. साबणाचा फेस करून निदान २० सेकंद चोळायचं, बोटांची टोकं खाली ठेवायची, नळ बंद करताना धुतलेल्या हाताने तोट्याला शिवायचं नाही. रक्तदाब हाताने मोजायला दिला, तर तुमचा आकडा परीक्षकाच्या आकड्यापासून ८ पेक्षा जास्त लांब असून चालत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालायचा असेल तर आधी अशक्त हात, काढायचा असेल तर आधी धड हात. माणसाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवण्याआधी खुर्चीचे ब्रेक लावले नाहीत, तर बाकी सगळं सुरेख करूनही नापास, कारण त्या एका चुकीने म्हातारा माणूस पडतो आणि त्याचं खुब्याचं हाड मोडतं.

शिवाय प्रत्येक कौशल्यात काही गोष्टी न सांगता पाहिल्या जातात. दारावर टकटक केली का? आपलं नाव सांगितलं का? काय करणार आहोत ते आधी बोलून दाखवलं का? पडदा ओढला का? निघताना बोलावण्याच्या घंटीचं बटण त्यांच्या हाताशी ठेवलं का? पुस्तकात हे एका पानात संपतं. ते अंगवळणी पडायला सगळे आठवडे लागतात.

आता अवघड विषय. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, बेडपॅन देणं हे या कामाचं रोजचं स्वरूप आहे. आपल्याकडच्या रुग्णालयांत हे मावशी आणि मामा करतात. त्यांना नावाने क्वचितच हाक मारली जाते आणि आपण त्यांच्याकडे कसं बघत आलो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून सीएनएचं नाव काढलं की काही घरांत एकदम शांतता होते. एक मैत्रीण मला म्हणाली होती, “सासरी एवढंच सांगितलंय की हॉस्पिटलमध्ये जॉब आहे.” मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण तिचं काम काय आहे हे मी पाहिलेलं आहे.

उदाहरण देते. जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही, त्याच्या माकडहाडावरची, टाचांवरची, खुब्यावरची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते. तिथे रक्त पोचत नाही. काही तासांतच कातडी मरायला लागते. शय्याव्रण म्हणतात तो हा. एकदा खोल गेला की महिनोन्‌महिने भरत नाही आणि त्यातून रक्तात जंतू पसरून माणूस दगावूही शकतो. सुरुवात होते ती एका लाल चट्ट्याने, जो बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. सावळ्या आणि काळ्या कातडीवर तो लाल दिसतही नाही. तिथे हाताला लागणारी ऊब किंवा टणकपणा ओळखावा लागतो. हा चट्टा डॉक्टरला दिसत नाही, कारण डॉक्टर पांघरूण काढत नाहीत. तो दिसतो अंघोळ घालणाऱ्या सीएनएला. तिने पाहून नर्सला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलली, टाचेखाली उशी दिली, तर तो माणूस वाचतो. नव्वद तासांत शिकवतात ते हे.

पैशांच्या बाबतीत या कोर्सची एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही एखाद्या नर्सिंग होममध्ये आधीच कामाला असाल किंवा कामाचं लेखी आश्वासन मिळालेलं असेल, तर सरकारी योजनांतून पैसे घेणारं नर्सिंग होम तुमच्याकडून प्रशिक्षणाची किंवा परीक्षेची फी घेऊ शकत नाही. आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून कोर्स करून १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात, तर तो खर्च हिशेबाने परत मिळण्याची सोय राज्याला करावी लागते. पावत्या जपून ठेवा.

रक्त काढणं, आणि टोपणांचे रंग

माझ्या कामाबद्दल लोकांची समजूत अशी की सुई टोचता आली म्हणजे झालं. सुई हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे.

पहिला धडा असतो माणूस ओळखण्याचा. “तुम्हीच का अमुक बाई?” असं कधीच विचारायचं नाही. ऐकू न येणारं, गुंगीत असलेलं किंवा नुसतंच भिडस्त माणूस कशालाही ‘हो’ म्हणतं. त्यांनाच नाव आणि जन्मतारीख सांगायला लावायची आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. सगळं झाल्यावर ट्यूबवर लेबल लावायचं तेही त्यांच्यासमोरच, खोलीबाहेर पाऊल टाकण्याआधी. चुकीच्या माणसाच्या नावाने गेलेलं रक्त हे न काढलेल्या रक्तापेक्षा कितीतरी वाईट: त्यावरून रक्तगट ठरतो आणि कुणाला तरी चुकीचं रक्त चढू शकतं.

मग शीर. ती डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने शोधायची. दंडाला रबरी पट्टा बांधला की कोपराच्या खोबणीत मधोमध एक शीर बोटाखाली स्पंजासारखी उसळते. पहिली पसंती तिला. आतल्या बाजूची शीर शेवटी, कारण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात. पट्टा एक मिनिटाहून जास्त ठेवायचा नाही. जास्त वेळ अडवलेल्या रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, उरलेलं दाट होतं आणि तपासणीचे आकडे बदलतात. सुईचा तिरपा कापलेला भाग वर, हाताशी कोन १५ ते ३० अंश. सुई बाहेर काढायच्या आधी पट्टा सोडायचा, नाहीतर जागच्या जागी रक्त साकळून निळं पडतं. ज्या बाईची स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे, तिच्या त्या बाजूच्या हाताला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

आणि ट्यूबचा क्रम. प्रत्येक रंगाच्या टोपणाखाली वेगळं रसायन असतं. आधी जंतू तपासायच्या बाटल्या, कारण त्या निर्जंतुक राहायला हव्यात. मग फिकट निळी, रक्त किती वेळात गोठतं ते पाहायची. मग लाल, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. हा क्रम का? जांभळ्या ट्यूबमध्ये जे रसायन असतं त्यात पोटॅशियम असतं, आणि ते रसायन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. क्रम उलटा केला आणि सुईतून त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टात पोटॅशियम भयंकर वाढलेलं आणि कॅल्शियम घसरलेलं दिसतं. तसं पोटॅशियम खरंच असेल तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून डॉक्टर तातडीने उपचाराला लागतात. आजार नसलेल्या माणसावर.

निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात रसायनाच्या एका भागाला नऊ भाग रक्त असा हिशेब असतो. आणि कुठलीही ट्यूब खळखळा हलवायची नाही, हळूच उलटी-सुलटी करायची; जोरात हलवली की लाल पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. शाळेत आपण इंद्रधनुष्यासाठी ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलं होतं. मी या क्रमासाठी ‘निलाहिजांरा’ पाठ केलं: निळी, लाल, हिरवी, जांभळी, राखाडी. वर्गातल्या माझ्या मैत्रिणींनीही ते उचललं, अर्थ न कळता.

आधी प्लास्टिकच्या हातावर, मग एकमेकींच्या हातावर, मग क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या देखरेखीखालच्या सरावाला, खऱ्या रुग्णांवर असा हा प्रवास असतो. दोन प्रयत्नांत जमलं नाही, तर बऱ्याच ठिकाणी नियम असा की थांबायचं आणि दुसऱ्या कुणाला बोलवायचं. नवख्यांना याची लाज वाटते. वाटून घेऊ नये. तिसऱ्यांदा टोचून घेणारा हात दुसऱ्याचा असतो.

लॅटिन-ग्रीकची भीती

मेडिकल टर्मिनॉलॉजी हा विषय जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये असतो आणि त्याचं जाडजूड पुस्तक पाहून अनेकींचा धीर सुटतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी आवर्जून सांगते की हा विषय तुमच्यासाठी सोपा आहे. आठवी-नववीत संस्कृत किंवा मराठी व्याकरणात उपसर्ग आणि प्रत्यय शिकलात ना? इथे तेच करायचं. पुढे उपसर्ग, मध्ये मूळ शब्द, मागे प्रत्यय. मागे ‘आयटिस’ आलं की दाह, ‘एक्टमी’ आलं की तो अवयव काढून टाकणं.

आणि ही मूळं अनेकदा आपल्याच चुलत घरातली निघतात, कारण ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. हाडासाठी ‘ऑस्टिओ’ म्हणजे आपलं अस्थी. दातासाठी ‘डेंट’ म्हणजे दंत. पावलासाठी ‘पोड’ म्हणजे पाद. आतड्यासाठी ‘एंटेरो’, आपलं आंत्र. भोवतालसाठी ‘पेरि’, आपलं परि. ‘हायपर’ आणि उपरि, ‘हायपो’ आणि उप. यकृतासाठीचं ‘हेपॅटो’ ऐकायला परकं वाटतं, पण भाषाशास्त्रज्ञ त्यालाही यकृत शब्दाचंच भावंड मानतात. मी वहीत दोन रकाने आखून बसले आणि परीक्षेचा ताण अर्ध्यावर आला.

अवघड जाते ती रुग्णांची बोली. पुस्तकात ‘व्हॉमिटिंग’, रुग्ण म्हणतो ‘थ्रो अप’. पुस्तकात ‘सिंकोपी’ म्हणजे शुद्ध हरपणं, रुग्ण म्हणतो ‘पास आउट’. ‘आय ॲम अ हार्ड स्टिक’ म्हणजे माझी शीर सहज सापडत नाही. हे कानावर पडूनच येतं.

क्लिनिकलच्या आधीची कागदपत्रं

रुग्णांमध्ये पाठवण्याआधी कॉलेज लसींचे दाखले, गुन्हेगारी नोंदींची तपासणी, बहुतेकदा अमली पदार्थांची चाचणी आणि सीपीआरचं कार्ड मागतं. भारतात लहानपणी घेतलेल्या गोवर, गालफुगी, कांजिण्यांच्या लसींचे कागद कुणाकडेच नसतात. घाबरू नका. रक्तातली प्रतिपिंडं मोजून प्रतिकारशक्ती आहे हे दाखवता येतं.

क्षयाच्या चाचणीत मात्र आपली माणसं हमखास अडकतात. कातडीखाली औषध टोचून फुगवटा मोजायची ती जुनी चाचणी. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, आणि त्या लसीमुळे ही चाचणी क्षयाचा संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांच्या फेऱ्या, आणि तोवर बॅच पुढे निघून जाते. क्षयाची रक्तचाचणीही असते, जिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. लस घेतलेल्यांसाठी अमेरिकेची रोगनियंत्रण यंत्रणा सीडीसी तीच सुचवते. पहिल्याच भेटीत सांगा: मला बीसीजी दिलेली आहे, रक्तचाचणी करा.

व्हिसा, फी, पगार

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. पगारी कामासाठी मात्र ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड लागतं, आणि ते मे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांनाच मिळतं: ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला आहे किंवा ज्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला आहे. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने बदलीवर एल-१ व्हिसावर आणलेल्यांच्या जोडीदारांना २०२१च्या अखेरीपासून ईएडीसाठी थांबावं लागत नाही. कोर्सचे क्लिनिकल तास बिनपगारी असले, तरी ते तुमच्या व्हिसात बसतात का हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला फी भरण्याआधी विचारा. ईएडी यायला वेळ असेल तर मी सहसा सुचवते की आधी टर्मिनॉलॉजी आणि शरीरशास्त्र क्रेडिटच्या दारातून करावं आणि छोटा कोर्स कार्ड आल्यावर. हातात घेतलेलं कौशल्य वर्षभर पडून राहिलं की बोटं विसरतात.

केंद्र सरकारची पेल ग्रँट नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळू शकते, एच-४ला नाही. आजवर छोटे कोर्स तिच्या बाहेरच राहिले. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या कोर्सनाही ती लागू केली आहे. तासांचा आकडा बघा: ९० तासांचा सीएनए यात बसत नाही. त्यासाठी गावातल्या सरकारी ‘अमेरिकन जॉब सेंटर’मध्ये चौकशी करावी, रोजगार प्रशिक्षणाच्या निधीतून तिथे मदत मिळू शकते.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. मे २०२३च्या सरकारी आकडेवारीनुसार नर्सिंग असिस्टंटचा वार्षिक मध्यक पगार ३८,२०० डॉलर होता, फ्लेबॉटमिस्टचा ४१,८१० आणि मेडिकल असिस्टंटचा ४२,०००. मध्यक म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. आमच्या भागात एकट्या माणसाला यावर घर चालवणं कठीण आहे. ज्या कामावर इतकं अवलंबून आहे त्याला इतका कमी मोबदला मिळावा, हे मला मुळीच पटत नाही. दोन वर्षांच्या रेस्पिरेटरी थेरपीनंतर याच्या जवळपास दुप्पट मिळतं, म्हणून अनेकजणी छोट्या कोर्सने दवाखान्यात पाय ठेवतात आणि रुग्णालयाने दिलेल्या फीच्या मदतीवर पुढचं शिकतात.

भारतातल्या पदव्यांबद्दल दोन गोष्टी. चार वर्षांचं बी.फार्म. १ जानेवारी २००३ नंतर पूर्ण केलेल्यांना इथे फार्मासिस्टच्या परीक्षेचा रस्ता बंद आहे, कारण त्यानंतरच्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्यामुळे कितीतरी मराठी बी.फार्म. मुली फार्मसी टेक्निशियन म्हणून काम करताना दिसतात. आणि बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. ज्या डॉक्टर म्हणून रुग्ण तपासत होत्या त्यांना मेडिकल असिस्टंटच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणं किती जड जातं, ते मी जवळून पाहिलं आहे. जाता जाता: मेडिकल असिस्टंट आणि फिजिशियन असिस्टंट यांची गल्लत करू नका. दुसऱ्यासाठी मास्टर्स लागतं.

तर कॉलेजच्या माहितीसभेला जाल तेव्हा वही घेऊन जा. परीक्षेचं नाव विचारा आणि गेल्या वर्षीच्या किती विद्यार्थ्यांनी ती पास केली तेही. मेडिकल असिस्टंटचा कोर्स असेल तर त्याला सीएएएचईपी किंवा एबीएचईएसची मान्यता आहे का, ते विचारा. आणि सर्वांत शेवटी हे विचारा की क्लिनिकलची जागा कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्याने शोधायची. “आम्ही मदत करतो” असं उत्तर आलं, तर कुठली रुग्णालयं, किती तास, कोर्स संपल्यावर किती दिवसांत, हे ईमेलवर मागून घ्या. माझ्या आधीच्या बॅचमधल्या दोघी वर्ग संपल्यावर पाच महिने त्या जागेची वाट पाहत होत्या.